मटकीला मोड येईना

पाथरटेकच्या पाण्याचा एक घोट घेतला, की काल गावात काय वाळलं ते कळायचं. फेब्रुवारी-मार्चात पाण्याला द्राक्षांचा वास असायचा. चहात साखर कमी लागते असं बायका शपथेवर सांगायच्या, आणि हौदावरचे बैल दोन-दोन बादल्या पिऊन वर मालकाकडं प्रेमानं बघत उभे राहायचे. एप्रिलात कांदा वाळला त्या आठवड्यात अख्ख्या गावानं चहा पिता पिता डोळे पुसले. एका घरी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी पाणी घेतलं, मुलीच्या बापाला रडताना पाहिलं, स्वतःही रडले, आणि कुणी कुणाला काही न विचारता लग्न ठरून गेलं.

छायाक्का बंडगर या वासांना सरावली होती. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं चहाचा घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. वास ओळखीचा होता. राख. थोडा कडुनिंब. त्यामागं आणखी काहीतरी, घरातलं, बंद जागेतलं. तिनं घोट गिळला, पण नाव सुचेना. भाकरी करताना सुचेना, शेड झाडताना सुचेना. त्या दिवसापासून तिचं बूड एका जागी ठरेना.

छायाक्का बासष्टची, आणि जन्म बेदाण्याच्या शेडमध्ये गेलेला. द्राक्षं जाळीवर पसरायची, सावलीत पंधरा दिवस वारा द्यायचा, मग एक मूठ घट्ट आवळून सोडायची. मणी एकमेकांना चिकटून राहिले तर अजून ओले, सुटे झाले तर माल तयार. तालुक्यात ओलावा मोजायची यंत्रं आली तरी व्यापारी आधी छायाक्काच्या मुठीकडं बघायचे. तिची शेड राहत्या घराला लागूनच. मधे एक भिंत, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत चार कणग्या. त्यांत चाळीस घरांचं मटकीचं बी. बुटकी, तांबूस मटकी, पाथरटेकच्या मुरमाड रानाशिवाय कुठं न येणारी. बाजारच्या बियाण्यानं तीनदा माना टाकल्या तिथं हिनं दाणा दिला होता. पेरणीच्या आधी ज्यानं त्यानं यावं, आपल्या वाट्याचं न्यावं, सुगीत परत आणून घालावं, असं चालायचं.

आता चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो कुठं जातात हे पाथरटेकमध्ये कुणी कधी विचारलं नव्हतं. वाऱ्यावर जातात, जाईनात का. विचारलं ते अन्वी काळसेकरनं.

ही अन्वी रत्नागिरीकडची, समुद्राकाठची. लहानपणी पावसाळ्यात शाळेचा गणवेश तव्यावर वाळवून घालायची, आणि चार महिने अंगाला धुराचा नि दमटपणाचा वास घेऊन वर्गात बसायची. त्या रागात ती शास्त्रज्ञ झाली आणि तिनं एक कापड विणलं. दिसायला मांजरपाट, पण बोट लावलं तर बोटाचं टोक सुरकुतायचं. त्याच्या धाग्यांत धातूचे आणि कार्बनचे इतके बारीक पिंजरे गुंफलेले, की एकेकात पाण्याचे मोजकेच रेणू मावावेत. एका हातरुमालातले सगळे पिंजरे उलगडून पसरले तर दहा एकर रान झाकलं जाईल, असं ती सांगायची, आणि हे मात्र खरं होतं.

ओली वस्तू वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी हवेत जातं, पण हवा घेईल तेवढंच. हवेची ओढ आणि वस्तूची ओढ सारखी झाली की वाळणं थांबतं. अन्वीच्या कापडानं शेडमधली हवा इतकी कोरडी ठेवायची, की द्राक्षांना थांबायला सवडच मिळू नये. पंधरा दिवसांचं काम दीड दिवसात, आणि आच न लावता. छायाक्काच्या शेडमध्ये तिनं बसवलेला कापडाचा पट्टा रहाटासारखा गोल फिरायचा. खाली शेडमध्ये पाणी प्यायचा, वर पत्र्यावरच्या काचेच्या पेटीत उन्हानं तापून ते सोडायचा, आणि ती वाफ थंड होऊन थेंबाथेंबानं टाकीत उतरायची. पेटीतली आच जितकी जास्त, तितकं कापड जास्त तहानलेलं होऊन खाली यायचं. आच कमी-जास्त करायला यंत्राच्या खोलीत एक चकती होती, एक ते नऊ आकड्यांची.

"काकू, आकडा चारच्या वर न्यायचा नाही," अन्वीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"का गं? वर काय हाय?"

"वर काही नाही, तीच तर अडचण. काय प्यावं नि काय पिऊ नये हे कापडाला कळत नाही. समोर ओलं असेल तोवर ते पितं. ते संपलं की जे सापडेल ते पितं."

"म्हंजे आमच्या मालकांवानी," छायाक्का म्हणाली. मालकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी अशी संधी ती सोडत नसे.

तर त्या हंगामात शेडमधून रोज दोन हजार लिटर पाणी निघालं. चाळीस घरांना प्यायला आणि रांधायला पुरून उरलं. इथवर सगळं गोड होतं. मग दिगंबरला कल्पना सुचली.

दिगंबर गावचा सरपंच आणि छायाक्काचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा नऊ वर्षांचा, आणि त्याचं नाक तिच्याच पदरानं पुसलं जायचं. आता त्याला मिशा होत्या, इस्त्रीचा सदरा होता आणि जिल्ह्यात नाव व्हावं अशी हौस होती. त्यानं मार्चात तालुक्याला लेखी कळवलं, की आमच्या गावाला यापुढं टँकर नको. वेशीवर मोठा फलक लागला, 'टँकरमुक्त पाथरटेक', आणि खाली हात जोडलेला दिगंबर. द्राक्षं एप्रिलात संपतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण शेजारच्या गावच्या लोकांनी रस्त्यावर उभं राहून बघावं आणि आपण टँकर रिकामा नव्हे, भरलेला परत पाठवावा, यात अशी काही मजा होती, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाक्कानंही वाजवल्या.

एप्रिल संपला आणि गावाला ओलं मिळेना.

मग पळापळ सुरू झाली. बाजारात न विकलेले टोमॅटो आले, आठ दिवस चहाला सार लागलं. देवळातलं निर्माल्य आलं, पाण्याला झेंडूचा वास आला. लग्नाच्या मांडवातल्या केळीच्या खुंटांवरून दोन भावक्यांत भांडण लागलं. कुणी कलिंगडाची सालं घेऊन धावत यायचा, कुणी शेण. शेणाच्या दिवशी मात्र गावानं एकमतानं उपवास केला. बाई नहाली की सासू म्हणायची, केस शेडमध्ये जाऊन वाळव. जो तो ओलं शोधत फिरायचा. शेजाऱ्याच्या दारात दुधी दिसला तरी नजर तिथंच अडायची.

आणि एवढं करून टाकी अर्ध्यावरच. तेव्हा दिगंबरनं चकती नऊवर नेली, ती मागं सरकू नये म्हणून फटीत आगकाडी खुपसली, आणि यंत्राच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली. टाकी भरू लागली. लोक म्हणाले, सरपंचाचं डोकं चालतं.

चार दिवसांत गाव करकरायला लागलं. खुर्च्यांचे पाय खुळखुळे झाले, बसलं की माणूस झुलायचा. हलगी कुणी न वाजवताच खुंटीवर फाटली. कणग्यांच्या खोलीच्या मागच्या दाराची लाकडी खिटी आकसून ढिली पडली. कितीदा लावली तरी आपोआप फिरून खाली लोंबायची आणि दार उघडायचं. माणसांनी एकमेकांना हात लावला की ठिणगी उडायची. नवराबायकोनं पाण्याचा तांब्या द्यावा-घ्यावा तर दोघंही "हाय" म्हणून मागं सरकायची आणि मग दिवसभर धुसफुसायची. ओठ फुटले, टाचा फुटल्या, बोलणं तुटकं झालं. घरात बसवत नाही म्हणून लोक बाहेर यायचे, बाहेर उभं राहवत नाही म्हणून आत जायचे.

नेमकी त्याच वेळी बातमी आली, की टँकरमुक्त गावाचा सत्कार करायला जिल्ह्याचे मोठे साहेब येत्या गुरुवारी येणार.

जेवायला मटकीची उसळ करायची असं ठरलं. पन्नास माणसांचा बेत, म्हणून छायाक्कानं अंदाज घ्यायला शनिवारी कणगीतली शेरभर मटकी काढून भिजत घातली. रविवारी सकाळी फडक्यात बांधायला म्हणून तिनं पातेल्यावरचं झाकण उचललं. वर फेस आलेला. दाणे उभे चिरलेले, साल वेगळं, डाळ वेगळी, आणि मोड येईल असा एक नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातच्या मटकीला मोड आले नाहीत असं झालं नव्हतं.

ती कणगीजवळ गेली. वरची राख बाजूला सारली, कडुनिंबाचा पाला काढला. पाला हातात धरताच त्याची भुकटी झाली. आणि तो वास वर आला. राख, कडुनिंब, बंद खोली.

आठ दिवस सकाळ-संध्याकाळ गाव आपलं बियाणं पीत होतं.

दिगंबर पंचायतीत सत्काराची खुर्ची कुठं ठेवायची ते ठरवत होता. ठरवताना इकडून तिकडं येरझाऱ्या घालत होता.

"दिगू, ते यंत्र बंद कर."

"वैनी, गुरुवार होऊ दे. चारच तर दिस."

"कणगीतलं बी वाळून चाललंय."

"बी वाळलेलंच असतंय की. तूच सांगायचीस, बी कडकडीत वाळवावं."

"वाळवावं म्हनलं हुतं, जाळावं न्हाई. मटकीला मोड येईना."

दिगंबर क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. "बी इकत आनू. बंद केलं तर लोकांनी प्यायचं काय? आनि साहेबांना काय दावू, रिकामी टाकी?"

"इकत कुठं मिळती ती मटकी, दुकानाचं नाव सांग. मी जाऊन आनती."

तो खुर्ची उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला गेला.

छायाक्कानं अन्वीला फोन लावला. ती गावी गेली होती, कुणाच्यातरी बारशाला. फोनवर 'नऊ' हा आकडा ऐकला, आणि ती सोमवारी सकाळच्या एसटीनं दारात हजर झाली. दाराला हात लावला तसा चटका बसला, तेव्हा तिचा चेहरा आणखी उतरला. तिनं ओलावा मोजायचं छोटं यंत्र कणगीत खुपसलं.

"अडीच टक्के. किती असायला हवं माहितीय? नऊ-दहा."

"मग मेलं म्हन सगळं."

अन्वी कणगीच्या कडेवर बोटं आपटत राहिली. मग म्हणाली, "काकू, लग्नघरात तीन प्रकारची माणसं असतात. जेवून लगेच जाणारी. चार दिवस मुक्काम करून, ढकललं तर जाणारी. आणि घरचीच. दाण्यातलं पाणी तसंच असतं. पहिलं मोकळं, ते भराभर जातं. दुसरं रखडत रखडत. तिसरं दाण्याच्या आतल्या कणाकणाला धरून बसलेलं असतं, ते दाण्याचं घर उभं ठेवतं. चारच्या आकड्यावर पाहुणे जातात. नऊवर मी घरच्या माणसांना बाहेर काढायला लागले."

"तू न्हाईस, दिगू काढाय लागला."

"कापड माझं आहे." तिनं चार दाणे उचलून उजेडात धरले. "पण मेलंच असं म्हणता येत नाही. इतक्या कोरड्या दाण्यावर तुम्ही एकदम पाणी ओतलंत. तो आधाशासारखा प्यायला, आतले पडदे फाटले. कदाचित तो वाळून मेला नसेल, पाण्यानं मेला असेल. आधी नुसती दमट हवा दिली, हळूहळू, तर काही दाणे परत येतील. किती, ते मी नाही सांगू शकत."

"सांगू नगंस. बघू."

छायाक्कानं वीस दाणे मोजून मलमलीच्या चिंधीत बांधले आणि ती पुरचुंडी पाण्याच्या माठात अशी टांगली, की खाली पाणी आणि वर पुरचुंडी, मधे चार बोटं अंतर. वर झाकण. मग तिनं काय केलं विचाराल, तर झाकण उचलून बघितलं. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं. अन्वी म्हणाली, काकू, सारखं उघडलं तर दमटपणा निघून जातो. म्हणून ती शेडला फेरी मारून आली, वेशीपर्यंत गेली, फलकावरच्या दिगंबराकडं बघून आली. सोमवार असा गेला. मंगळवारी सकाळी तिनं ते दाणे काढून पाण्यात घातले, दुपारी फडक्यात बांधले, आणि गावातल्या प्रत्येक घरी काही ना काही निमित्तानं जाऊन आली. कुणाकडंच बसली नाही.

बुधवारी सकाळी ती पंचायतीत गेली तेव्हा दिगंबर आरशासमोर फेटा बांधून बघत होता.

"हात पुढं कर."

त्यानं केला. तिनं डावी मूठ उघडून त्याच्या तळहातावर चिरलेली, फेसाळ मटकी टाकली. मग उजवी मूठ पुढं आणली. ही मूठ तिनं तशीच सावकाश सोडली जशी ती बेदाण्याची सोडायची. दाणे सुटे झाले. बारीक, पांढरे, वाकडे मोड.

"सतरा हायत," ती म्हणाली. "वीसमधलं सतरा. नुसत्या दमट हवेवर. अन्वी म्हनती, पट्टा काढून वलाच बीच्या खोलीत टांगायचा. जे प्यालंय तेच सावकाश परत सोडंल. तीन-चार दिस लागतील. पन आजच्या आज काढला तर. आनखी दोन दिस असंच फिरलं तर सतराचं सात हुत्याल, मग काय बी न्हाई."

दिगंबर सतरा मोडांकडं बघत राहिला. "म्हंजे गावाला पानी न्हाई. म्हंजे टँकर."

"व्हय."

"सत्काराच्या आदल्या दिशी मी टँकर मागू? वैनी, तोंड कुनाला दाखवू?"

"मला दाखीव. शेंबूड गळत हुता तवापास्नं बघत आल्ये."

त्यानं फेटा काढला. कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली, तेव्हा दोघांच्या बोटांमधे अशी टिचभर लांब निळी ठिणगी उडाली, की भिंतीवरची पाल खाली पडली. दोघांपैकी कुणीही हात मागं घेतला नाही.

दुपारपर्यंत पट्टा उतरला. तीस बायांनी तो अंगाखांद्यावर घेऊन बीच्या खोलीत नेला आणि वाशांवरून आडवा-उभा टांगला. कणग्या फोडून मटकी चटईवर पातळ पसरली. खिडकी ओल्या गोणपाटानं बुजवली. मागच्या दाराची खिटी राहीना, म्हणून छायाक्कानं बाहेरून दगड लावला. तिकडं दिगंबरनं तालुक्याच्या पाणीखात्यात फोन लावला होता.

"तुमचं गाव टँकरमुक्त आहे," पलीकडची बाई म्हणाली.

"हाय. पन आता टँकर पायजे."

"टँकरमुक्त गावाचा टँकरचा अर्ज संगणक घेत नाही, सरपंच. लाल होतो."

"मग ती मुक्ती काढून टाका."

"त्याला साहेबांची सही लागते."

"साहेब कुठं हायत?"

"उद्या तुमच्याकडेच यायचेत ना, सत्काराला."

गुरुवारी साहेब आले. मांडवात दोनशे माणसं, आणि एकही जण स्थिर बसलेला नाही. घराघरांतल्या कळशा सकाळीच तळाला गेलेल्या. उसळ नव्हती, पिठलं होतं. साहेबांनी पाण्याच्या स्वावलंबनावर अर्धा तास भाषण केलं. मेचं ऊन, त्यात माइक. शेवटाकडं त्यांचा आवाज बसला. त्यांनी घसा खाकरला आणि पाणी मागितलं.

सगळे मान वळवून दिगंबरकडं बघू लागले.

दिगंबर उठला. हातात तबक, तबकात शाल आणि नारळ. नारळाखाली घडी केलेला कागद. "साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नऊ वर्षांच्या पोरासारखा निघाला, "पानी न्हाई. माझं चुकलं. ह्या अर्जावर सही केली तर दुपारपर्यंत येतंय. तवर ह्यो नारळ फोडतो, त्यातलं प्या."

साहेबांनी सही केली ती समजूतदारपणानं की तहानेनं, यावर गावात अजून दोन तट आहेत. नारळ मात्र त्यांनी एकट्यानं संपवला.

तीनच्या सुमाराला टँकर वेशीतून आत आला. फलकावरच्या हात जोडलेल्या दिगंबराखालून जाताना ड्रायव्हरनं गाडी हळू केली, वर वाचलं आणि हॉर्न दिला. सत्काराचा हार उरला होता, तो छायाक्कानं टँकरच्या तोंडाला घातला. कुणी हसलं नाही. मग पहिल्यांदा दिगंबरच हसला, तेव्हा सगळे हसले.

रविवारी अन्वीनं मटकीत यंत्र खुपसलं. आकडा साडेआठ. तिनं मूठभर मटकी उचलून यंत्राशेजारी धरली, जणू दोन्हींचं एकमत आहे का ते बघत होती. पाणी सोडून हलका झालेला पट्टा तिनं गुंडाळून गोणपाटात बांधला. पुढच्या द्राक्षांना आणीन म्हणाली, पण आता चकतीला पाचपासून पुढचे आकडेच नसतील.

दिगंबर टँकरच्या पाण्याचा तांब्या घेऊन आला. उंबऱ्यावर बसून घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"कसलाच वास न्हाई, वैनी. बेचव हाय."

"असू दे," छायाक्का म्हणाली. "आपल्यातलं कुनी न्हाई त्यात."

तिनं मागच्या दारामागचा दगड पायानं बाजूला सारला, आत येऊन दार ओढून घेतलं आणि खिटी फिरवली. खिटी राहिली. ती थोडा वेळ तिच्याकडं बघत उभी होती, पुन्हा फिरते का म्हणून. मग भिंतीला पाठ टेकून, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, खाली बसली.